मी वाफेला कुलूप लावलं

मी फारशी बोलत नाही. लग्नात उखाणा इतक्या हळू आवाजात घेतला, की फोटोवाल्यानं विचारलं, "वहिनी, सुरू करू का?" तेव्हा माझा उखाणा संपलेला होता!

तर अशी मी आज स्वतःहून सांगायला बसलेय, यावरून काय ते ओळखा. आमच्या मिलमधला कुणीही भेटला, तरी हा किस्सा तुम्हाला ऐकवल्याशिवाय सोडणार नाही, आणि त्यात मीठमसाला मनाचा घालेल. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. चहा घ्या आधी, थंड होतोय.

वणीजवळ माझ्या सासऱ्यांची तेलाची मिल आहे. सरकीचं तेल. भिंतीच्या एका अंगाला बॉयलर, दुसऱ्या अंगाला सरकी वाफवायची भली मोठी कढई आणि तेल काढायच्या मशिनी. मिलच्या पाठीला पाठ लावून आमचं घर. माझं माहेर दारव्ह्याचं. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, नागपूरकडे एका कारखान्यात वर्षभर कामही केलं. पाहायला आले तेव्हा सगळे म्हणाले, "वा! घरचीच मिल आहे. पोरीचं शिक्षण कामी येईल."

आलं की! मिक्सरचं भांडं घट्ट बसलं की हाक यायची, "सूनबाई, तुह्यं ते मेकॅनिकल घेऊन ये."

मी काही म्हणत नव्हते. रोज चहाची किटली घेऊन मिलमध्ये जायची, कप भरायची आणि बघायची. बघायला कुणाची बंदी नसते. आणि मी जे बघितलं, त्यानं माझी झोप उडाली.

आमच्या मिलमध्ये पाईपातली वाफ बंद करायची एक पद्धत होती. आरोळी! खरंच सांगते. वाफेच्या पाईपावर काही काम निघालं की गावातून इस्माईलभाई फिटर यायचे. ते शिडीवर चढून ओरडायचे, "बंद क्या?" भिंतीपलीकडून बॉयलरवाले राठोडकाका ओरडायचे, "बंद!" की लागले इस्माईलभाई नटबोल्ट खोलायला. एकदा राठोडकाकांनी पलीकडे नुसता पंखा बंद केला होता आणि तेच कुणाला तरी ओरडून सांगत होते. इकडे इस्माईलभाईंनी बोल्ट सैल केला आणि वाफेचा फवारा त्यांच्या कानाजवळून गेला. शिडीच्या पायऱ्या न वापरताच ते खाली आले!

आणि मग काय झालं? सगळे हसले. इस्माईलभाईसुद्धा. तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकून म्हणतात, "बच गया भाभी, आज कान की सिकाई फुकट में हो जाती."

मी हसले नाही. कारखान्यात असताना पहिल्याच आठवड्यात आम्हाला घोकून घेतलं होतं, की पाईपाचा जो तुकडा खोलायचा तो आधी बाकीच्या लाईनपासून तोडायचा. म्हणजे व्हॉल्व्ह बंद करायचा, त्याला कुलूप लावायचं, पाटी टांगायची, आत काही उरलंय का ते पाहायचं आणि मगच पाना हातात घ्यायचा. कुलूप ज्याचं, किल्ली त्याच्याकडे. ते काढणार तोच, दुसरा कुणी नाही. मालकसुद्धा नाही.

त्या दिवशी जेवताना मी हे सगळं बोलले. वाढता वाढता, एका दमात. आमच्या ह्यांचा घास हातातच राहिला. लग्नानंतर मी एवढं लांब वाक्य पहिल्यांदाच बोलत होते.

मामाजी, म्हणजे सासरे, माझ्याकडे पाहत राहिले. "म्हंजे वाफेले कुलूप लावायचं म्हणतं तू?"

"हो मामाजी."

"बाप्पा! पेटीले कुलूप पाह्यलं, गोडाऊनले पाह्यलं. वाफेले नाही पाह्यलं आजवर."

"कुणाचं तोंड भाजेल तेव्हा पाहायचं का?" मी म्हटलं, आणि माझं मलाच आश्चर्य वाटलं.

सासूबाईंनी पटकन भाजीचं पातेलं पुढे सरकवलं. मामाजींनी बराच वेळ भात कालवला. मग म्हणाले, "संक्रांतीच्या आदल्या दिवशी मिल बंद ठेवून वाफेच्या पाईपाचा तो सडका तुकडा बदलायचा हाय. तेवढं काम तुह्या पद्धतीनं. नीट झालं, तं रोज येत जाय मिलमंधी कामाले. नाही झालं, तं पाईपाचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही. मंजूर?"

मंजूर! मला तर त्या रात्री झोपेतही फ्लँज, म्हणजे पाईपांच्या जोडावरच्या बोल्टवाल्या कडा, दिसत होते.

ठरल्या दिवशी, मिल बंद असताना, मी किटली न घेता आत गेले आणि पहिल्यांदाच मान वर करून पाईपांकडे पाहिलं. आणि हबकले. सगळे पाईप रुपेरी! आमच्या लग्नाला पाहुणे मिल बघायला येणार, म्हणून मामाजींनी घराला रंग दिला, फाटकाला दिला आणि उरलेल्या उत्साहात पाईपांना दिला. पाण्याचा, वाफेचा, तेलाचा, हवेचा, सगळे पाईप एकाच रंगात चकचकीत. प्रत्येक लाईनचा रंग वेगळा असायला हवा, हे मी शिकले होते; पण माझ्याच लग्नाच्या आनंदात तो बुजवला जाईल, हे कुठल्या पुस्तकात असणार? वर मिल मामाजींनी चालू अवस्थेत विकत घेतलेली. कोणता पाईप कुठून कुठे जातो, हे ज्ञान जुन्या मालकासोबत निघून गेलेलं.

आता इथे कुणीही शहाणी बाई काय करेल? विचारेल. "मामाजी, वाफेचा पाईप कोणता हो?" पण मी डिप्लोमा! नवी सून! पहिल्याच दिवशी विचारलं, तर जन्मभर मिक्सरच दुरुस्त करत बसावं लागणार. मी ठरवलं, विचारायचं नाही. पाईपाच्या जातीवरून ओळखायचं.

फ्रिजवरचा लोहचुंबक काढला, नाणं घेतलं आणि निघाले. नाण्यानं वाजवलं की प्लास्टिकचा पाईप ठक असा ठार मुका वाजतो. त्यातून वाफ नेली तर तो मेणासारखा वाकेल, म्हणून तो बाद. एकाला चुंबक चिकटेना. तो स्टेनलेस स्टीलचा, बारीक, तेलाचा असणार. बाद. एकाचा रंग नखानं खरवडला तर खाली जस्ताची चमक, आणि जोड आट्यांचे. म्हणजे जीआय, पाण्याचा. बाद! राहिले दोन. दोन्ही साध्या काळ्या लोखंडाचे, वेल्डिंग केलेले, फ्लँजवाले, सारख्याच जाडीचे. दोघांनाही सारखेच व्हॉल्व्ह. दोघंही भिंतीतून येऊन वर छताच्या कैच्यांमध्ये पोत्यांच्या थप्पीमागे गडप. सडका तुकडा थप्पीच्या पलीकडे, कढईजवळ; तो या दोघांतल्या कुणाचा, ते इथून दिसत नव्हतं.

यातला वाफेचा कोणता? बॉयलर विझवलेला होता, हात लावून कळणार नव्हतं.

आणि मला दिसलं. एका पाईपाला अंगभर गोधडी होती. म्हणजे वाफेची ऊब टिकावी म्हणून गुंडाळतात ना काचेचा कापूस आणि वरून पत्रा, ते. दुसरा उघडाबोडका. वाफेच्या पाईपाला गोधडी असते, पहिल्या सत्रातला धडा! मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

माहेरून मिळालेल्या ट्रंकेचं पितळी कुलूप आणलं. गोधडीवाल्या पाईपाचा व्हॉल्व्ह चाकाला लोंबकळून बंद केला, चाकात साखळी ओवली आणि कुलूप लावलं. खात्रीसाठी खालची निचऱ्याची तोटी उघडली. थेंब नाही! थोडी धूळ तेवढी पडली.

"पाहा मामाजी, आत काहीच नाही."

मामाजींनी वाकून पाहिलं. "खरंच काही नाही," ते म्हणाले. त्यांचं म्हणणं किती खरं होतं, ते पुढे कळेलच.

खरं तर एकट्या व्हॉल्व्हवर विसंबायचं नसतं. दोन फ्लँजच्या मध्ये लोखंडी चकती घालून वाट पक्की बुजवायची असते. पण चकती नव्हती. म्हणून मी पाटी दुप्पट मोठी केली. पुठ्ठ्यावर लाल अक्षरात लिहिलं: 'धोका! काम चालू आहे. कुलूप निघेपर्यंत बॉयलर पेटवू नये.' खाली सही. मग सगळ्यांना उभं करून पाच मिनिटं बोलले. आवाज मोठा होता म्हणे माझा.

"आणि दुसरी किल्ली?" मामाजींनी विचारलं.

"दोन्ही माझ्याकडे. दुसऱ्याकडे राहिली, तर कुलुपाला अर्थ काय?"

"आणि गरजच पडली तं तोडायचं काय?"

"मामाजी, तुम्हीसुद्धा तोडायचं नाही."

राठोडकाकांनी कानाला हात लावला. दोन्ही किल्ल्या मी मंगळसूत्राला लावलेल्या सेफ्टी पिनेत अडकवल्या. त्याहून सुरक्षित जागा कोणती?

काम छान झालं. इस्माईलभाईंनी सडका तुकडा काढला, नवा बसवला. फक्त एका जोडाचं गॅसकेट, म्हणजे गळती थांबवायला मध्ये घालतात ती चपटी रिंग, कमी पडलं. "कल सुबू लगा देता भाभी," म्हणून ते गेले. कुलूप अर्थातच तसंच राहिलं. काम संपल्याशिवाय काढायचं नाही, नियम!

आणि संध्याकाळी दादा आला. माझा भाऊ. पहिली संक्रांत, काळी साडी, हलव्याचे दागिने, दारव्ह्याच्या बायका बसल्यात वाट बघत. सासूबाईंनी तिळाचा डबा हातात दिला, मी पाया पडले आणि निघाले. मामाजी फाटकापर्यंत आले. म्हणाले, "काम चांगलं केलं सूनबाई." मी अख्खा रस्ता त्या एका वाक्यावर बसून गेले, दादाची गाडी नुसती नावाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काळी साडी नेसून, हलव्याचा मुकुट, हलव्याचा हार, हलव्याच्या बांगड्या घालून मी पाटावर बसलेली. बायका निरखून बघतायत. एक काकू म्हणाल्या, "अन् मंगळसूत्रात ह्या किल्ल्या कायच्या वं? सासूनं आतापासूनच तिजोरी देली काय?"

माझा हात गळ्याशी गेला. तेवढ्यात फोन वाजला.

"अगं," आमचे हे म्हणाले, "ते कुलूप..."

"माझ्याकडे आहे," मी म्हटलं. "म्हणजे किल्ली."

"सकाळीच गॅसकेट बसलं. सरकीचे ट्रक फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत लागलेत. मी करवत आणली होती, बाबांनी हिसकून घेतली."

"का?"

मागून मामाजींचा आवाज आला, "तिले सांग, घाबरू नोको! कुलूप ज्याचं, तोच काढन. मी कोणाले हात लावू देत नाही. पण लवकर ये म्हणा बाप्पा!"

बघा, म्हणजे काय झालं! माझं भाषण त्या माणसाला इतकं पटलं होतं, की तो हंगामात अख्खी मिल बंद ठेवून एका पितळी कुलुपासमोर खुर्ची टाकून बसला होता. राठोडकाकांनी काडीसुद्धा पेटवली नव्हती. मला एकाच वेळी रडूही येत होतं आणि अभिमानही वाटत होता.

साडी बदलायला वेळ कुठला? दादानं गाडीवर यवतमाळला सोडलं, तिथून एसटी. हलव्याचा मुकुट मांडीवर, बाकी दागिने अंगावर. कंडक्टर म्हणाला, "ताई, नाटकाले चालल्या काय?" करंजीपर्यंत शेजारच्या बाईचं लेकरू माझ्या हाराकडे टक लावून बघत होतं. मारेगाव येईपर्यंत अर्धा हार त्याच्या पोटात गेला.

मिलमध्ये पोचले तेव्हा उन्हं अजून होती. फाटकाशी ट्रकवाले, आत सगळे कामगार, इस्माईलभाई, सासूबाई, आणि व्हॉल्व्हसमोर खुर्चीवर मामाजी. ते उठून बाजूला झाले. असा मान मला लग्नातही मिळाला नव्हता.

खरं तर मी कुलूप काढून मोकळी झाले असते, तर किस्सा तिथेच संपला असता. पण नाही. मला नीट करायचं होतं. म्हटलं, "मी आले आहे, कुलूप माझ्या डोळ्यांसमोर आहे. राठोडकाका, बॉयलर पेटवा, दाब येऊ द्या. मग मी व्हॉल्व्ह हळूहळू उघडते. थंड पाईपात वाफ एकदम सोडली, तर हातोडा मारल्यासारखा दणका बसतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बॉयलर पेटला. आम्ही वाट बघितली. भिंतीपलीकडून राठोडकाका ओरडले, "दाब आला!"

मी मंगळसूत्राची पिन काढली. कुलूप उघडलं. साखळी सोडवली. पदर खोचला, दोन्ही हात चाकावर ठेवले...

फुस्स्स्स!

कढईतून वाफेचा ढग उसळला आणि भसाभसा पसरला.

मी हाताकडे पाहिलं. चाकाकडे पाहिलं. चाक तसूभरही फिरलं नव्हतं.

"भाभी," इस्माईलभाई हळूच म्हणाले, "आपने तो अभी खोलाच नहीं."

वाफेनं माझ्या हलव्याच्या बांगड्या विरघळून मनगटाला चिकटल्या होत्या. वाफ येत होती त्या दुसऱ्या पाईपातून. उघड्याबोडक्या. मग माझा पाईप कशाचा? माझ्या डोक्यात एकच विचार पेटला होता, हे आता शेवटापर्यंत पाहायचंच. मी शिडीवर चढले. काळ्या साडीत, हो! पाईपावर हात ठेवून सरकत सरकत गेले. पोत्यांच्या थप्पीवरून, कैचीखालून, मागच्या भिंतीपर्यंत. तिथे पाईप भिंतीतून बाहेर पडत होता. मी उतरले आणि मागच्या दारानं बाहेर निघाले. माझ्यामागे मामाजी, त्यांच्यामागे हे, त्यांच्यामागे इस्माईलभाई, सासूबाई, कामगार आणि उत्सुकतेपोटी दोन ट्रकवाले. वरातीत एवढी माणसं नव्हती!

बाहेर पाईप हातभर पुढे आला होता आणि संपला होता. कापलेला. तोंडात चिमणीचं घरटं. जुन्या मालकाच्या काळातला मेलेला पाईप. गोधडी तेवढी अंगावर राहिलेली. नव्या वाफेच्या पाईपाला गोधडी घालायचा खर्च कुणी केलाच नव्हता.

आणि त्या पाईपाच्या टोकाला दोरी बांधलेली. दोरीवर धुणं.

"अवं माय," सासूबाई म्हणाल्या, "हे तं माह्या वलणीचं टोक हाय!"

त्यांची कसली? गेला महिनाभर रोज सकाळी त्या दोरीवर धुणं वाळत घालत होते मी. त्या क्षणीही तिथे माझाच पिवळा टॉवेल लटकत होता. आम्ही काम करत होतो, तेव्हा इस्माईलभाईंच्या जिवाचं रक्षण करायला माझं कुलूप नव्हतं. विझलेला बॉयलर होता, आणि तो पेटू न देणारी ती पुठ्ठ्याची पाटी. कुलुपानं रक्षण केलं ते फक्त चिमणीचं.

आता मामाजी काय म्हणतील? पाईपाचं नाव पुन्हा काढायचं नाही, हे ठरलेलंच होतं. पण मी माघार घेणार नव्हते. घसा खाकरला आणि म्हटलं, "मामाजी, पाईप चुकला. पद्धत नाही चुकली. मला उद्यापासून मिलमध्ये यायचंय."

मामाजी टॉवेलकडे बघत होते. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत की काय! हसत होते. पोट धरून, भिंतीला टेकून.

"अवं, या मिलमंधी माह्यं कोणी ऐकत नाही," ते डोळे पुसत म्हणाले. "तुह्या एका पुठ्ठ्यापायी दिवसभर एकानंही काडी नाही ओढली. ये तू उद्या. पण आधी एक काम. कोणता पाईप कुठून निघते अन् कुठं जाते, हात लावून, शेवटपर्यंत चालून पाय. मंग कुलूप लाव, नाही तं हार घाल."

दुसऱ्या दिवशी आठाच्या ठोक्याला मी हजर! बूट, हातमोजे, रंगाचा डबा. निश्चय असा, की पाण्याच्या पाईपापासून सुरुवात करायची आणि टोक सापडल्याशिवाय मान वळवायची नाही. जीआयचा पाईप धरला. निघाले. टाकीखालून, भिंतीच्या कडेनं, एका वळणावरून दुसऱ्या वळणावर, गुडघ्यावर बसून, एकदा तर पोटावर सरपटून. नजर पाईपावरून ढळू दिली नाही. पाईप भिंतीत शिरला, मी दार उघडून त्याच्यामागे शिरले. पाईप वर वळला, मी वर पाहिलं.

नळ होता. खाली खरकटी भांडी. मी आमच्या स्वयंपाकघरात उभी होते.

सासूबाईंनी गॅसवर तवा ठेवलेला. त्यांनी माझे हातमोजे पाहिले, बूट पाहिले, जराही आश्चर्य दाखवलं नाही.

"आली का? बरं झालं. कणीक मळून ठेवली हाय."

संध्याकाळी मामाजींनी मोठ्या कौतुकानं विचारलं, "मंग सूनबाई, आज किती पाईप झाले?"

"एक," मी म्हटलं.

पोळ्यांचं त्यांनी विचारलं नाही.